नवी पेठेतून आणलेला लाकडी घनाकृतींचा संच: ठोकळे उत्तम, तक्ता चुकीचा

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. घरातल्या पुढच्या खोलीत सकाळ-संध्याकाळ पाचवी ते आठवीच्या मुलांच्या शिकवण्या घेते, त्याला आता १४ वर्षं झाली. येणारी निम्म्याहून जास्त मुलं घरी तेलुगू बोलतात, काही कन्नड, आणि शाळा मराठी. आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर किंवा टॉवेलच्या कारखान्यात, अशी घरं. तीन भाषांत वावरणाऱ्या या मुलांना व्याख्या पाठ करायला लावण्यापेक्षा वस्तू हातात दिली की गणित लवकर पोचतं, हे मी इतक्या वर्षांत पुन्हापुन्हा पाहिलंय. म्हणून दरवर्षी शिकवणीच्या पैशांतून एखादी वस्तू विकत घेते. यंदा मार्चमध्ये नवी पेठेतल्या एका दुकानातून लाकडी घनाकृतींचा संच आणला. ८५० सांगितले, ८०० ला दिला. "बाई, इंग्लिश मीडियमवाले बी हाच नेतेत," असं दुकानदार म्हणाले.

बनवणाऱ्याचं आणि दुकानाचं नाव मी लिहीत नाही. ज्या चुकीबद्दल पुढे लिहिणार आहे, तीच चूक त्याच दुकानात ठेवलेल्या आणखी दोन संचांच्या तक्त्यांवरही होती. एकालाच धरणं बरं नाही.

संचात १२ ठोकळे आहेत: घन, इष्टिकाचिती (विटेसारखा ठोकळा), चौरस तळाची चिती (चिती म्हणजे तळ आणि माथा एकसारखा असलेला ठोकळा), त्रिकोणी, पंचकोनी आणि षटकोनी चिती, वृत्तचिती, शंकू, गोल, अर्धगोल, चौरस तळाची सूची (पिरॅमिडसारखा टोकदार ठोकळा) आणि त्रिकोणी सूची. एका जाड फळीत खाचा कोरल्या आहेत, त्यांत हे ठोकळे बसतात. सोबत एक रंगीत तक्ता आणि १६ पानांची पुस्तिका. लाकूड पिवळसर, हलकं, नीट घासलेलं. कडा टोकदार नाहीत पण गोलही केलेल्या नाहीत, आणि हे फार महत्त्वाचं आहे. प्लास्टिकच्या संचांत कडा इतक्या गोल करतात की मुलाला कड मोजायला सांगितली तर बोट कुठे ठेवावं तेच कळत नाही. इथे बोट बरोबर कडेवर बसतं. १२ कडा मोजताना मुलं बोट फिरवत, पुटपुटत मोजतात आणि बरोबर १२ येतात. ८ शिरोबिंदू, ६ पृष्ठं. घनालाही तेवढीच, इष्टिकाचितीलाही तेवढीच.

शंकू, गोल आणि सूचींबद्दल मला फार सांगायचं नाही. शंकूचं टोक दुसऱ्याच आठवड्यात जरा झिजलं, गोल खाटेखाली जातो आणि शोधावा लागतो, सूची छान आहेत. मला बोलायचंय ते घन आणि इष्टिकाचितीबद्दल, कारण या दोन ठोकळ्यांवर आम्ही जवळजवळ तीन आठवडे काढले.

आधी मापं सांगते. पुस्तिकेप्रमाणे घन ५ सेंमीचा आहे. इष्टिकाचिती ८ × ५ × ३. चौरस तळाची चिती ५ × ५ × १०. ज्याने ही मापं ठरवली त्याला माझा नमस्कार, कारण ती नुसती दिसायला चांगली म्हणून निवडलेली नाहीत. ८ × ५ × ३ चं घनफळ १२० घन सेंमी, घनाचं १२५. म्हणजे घनात जास्त मावतं. पण बाहेरून कागद चिकटवायचा तर इष्टिकाचितीला १५८ चौरस सेंमी लागतो आणि घनाला १५०. कमी मावणाऱ्या ठोकळ्याला कागद जास्त! मुलांनी आलेखाच्या कागदाने दोन्ही ठोकळे गुंडाळले, कागद काढून त्यावरचे चौकोन मोजले आणि बराच वेळ कुणाचा विश्वासच बसेना. ५ × ५ × १० ला तर गंमतच आहे. घनफळ २५० घन सेंमी आणि पृष्ठफळ २५० चौरस सेंमी. एकक वेगळं, आकडा एक. दोन घन शेजारी चिकटवले तर ही चिती तयार होते. सुटे असताना दोघांचं पृष्ठफळ ३००, चिकटवल्यावर मधली दोन पृष्ठं झाकली जातात, ५० वजा, उरले २५०. सातवीतल्या एका मुलीने हे फळ्यावर स्वतः मांडलं.

आता तक्त्याकडे येते.

तक्त्यावर घनाच्या चित्राखाली लिहिलंय: "घन: सर्व कडा समान." इष्टिकाचितीखाली: "लांबी, रुंदी व उंची वेगवेगळी असते." आणि पुस्तिकेच्या नवव्या पानावर चूक की बरोबर या सदरात एक विधान आहे: "प्रत्येक घन ही इष्टिकाचिती असते." मागे उत्तर छापलंय, चूक.

हे उत्तर चुकीचं आहे. विधान बरोबर आहे. प्रत्येक घन ही इष्टिकाचिती असतेच. उलट मात्र खरं नाही, प्रत्येक इष्टिकाचिती घन नसते. ज्या वस्तूची सहाही पृष्ठं आयत आहेत ती इष्टिकाचिती. चौरस हा आयतच असतो, त्याच्या बाजू फक्त सारख्या असतात. मग सहा चौरसांनी बनलेला घन इष्टिकाचितींच्या बाहेर कसा जाईल? वर्गात मी एवढंच विचारलं, की शेंगाची चटणी ही चटणी नाही असं आपल्या सोलापुरात कुणी म्हणेल का? शेंगा घातल्या म्हणून तिचं चटणीपण गेलं नाही. तसंच तिन्ही मापं सारखी झाली म्हणून घनाचं इष्टिकाचितीपण जात नाही.

कुणाला वाटेल, पाचवी-सहावीच्या मुलांना एवढा काटेकोरपणा कशाला? मलाही पूर्वी तसंच वाटायचं. पहिली काही वर्षं मीसुद्धा घन वेगळा आणि इष्टिकाचिती वेगळी असंच शिकवलं. यंदा हे लाकडी ठोकळे मुलांच्या हातात पडले तेव्हा त्यांनीच तक्त्याची व्याख्या मोडून दाखवली, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पहिला धक्का विटेने दिला. इष्टिका म्हणजे वीट, चिती म्हणजे रचलेली रास. विटांच्या राशीसारखी ती इष्टिकाचिती, हे मी दरवर्षी सांगते. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यातलं, विठोबा विटेवर उभा आहे हे सांगायला लागत नाही, त्यामुळे हा शब्द मुलांना परका वाटत नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला एक घर बांधायचं काम चाललंय. सहावीतला एक मुलगा तिथून एक वीट घेऊन आला, मिस्त्रीला विचारून. मोजली. जवळजवळ १९ सेंमी लांब, ९ रुंद, ९ उंच. भारतीय मानकात मॉड्युलर विटेचं एक माप हेच आहे, १९ × ९ × ९, आणि चुना-सिमेंटचा थर धरून ती भिंतीत २० × १० × १० ची जागा घेते. मुलगा तक्त्याकडे बघून म्हणाला, "बाई, तक्त्यात तिन्ही वेगवेगळी म्हणतेत. हिची तर दोन सारखी हायत. मग वीट इष्टिकाचिती नाही काय?"

मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही. जिच्यावरून नाव पडलं तीच वीट तक्त्याच्या व्याख्येत बसत नसेल, तर व्याख्येचंच काहीतरी बिघडलंय हे त्याला आपणहून दिसलं होतं. संचातली ५ × ५ × १० ची चितीही अशीच उपरी ठरते. तिला तक्त्यावरच्या व्याख्यांत जागाच नाही, नुसतं चित्र आणि नाव आहे.

दुसरी गोष्ट खाचांच्या फळीमुळे झाली, आणि या संचातली मला सगळ्यात आवडलेली वस्तू म्हणजे ती फळी. बनवणाऱ्याने ती बहुधा ठोकळे हरवू नयेत म्हणून दिली असेल. पण एका मुलीला ठोकळे खाचांत घालताना काही जाणवलं. ती म्हणाली, "घन कसाबी टाकला तरी बसतोय. वीट मात्र बघून टाकावी लागती." मग मी विचारलं, नक्की किती तऱ्हांनी बसतोय ते मोजूया का?

मोजायला खूण हवी. घरात टिकल्यांची पाकिटं होती. घनाच्या सहा पृष्ठांवर सहा रंगांच्या टिकल्या लावल्या. आता खाली कुठला रंग आणि समोर कुठला, एवढं लिहीत गेलं की झालं. खाली लाल ठेवली तर समोर चार रंग आणता येतात. खाली हिरवी, पुन्हा चार. सहा रंग, प्रत्येकाचे चार, एकूण २४. आठवीतल्या मुलाने हा गुणाकार आधीच सांगितला होता, पण सहावीतल्या मुलांनी २४ च्या २४ तऱ्हा वहीत लिहून काढल्या आणि एकही दुबार येऊ दिली नाही. नंतर ५ × ५ × १० ची चिती आडवी खाचेत घातली. तिची चार लांबट पृष्ठं खाली येऊ शकतात, प्रत्येक दोन तऱ्हांनी. ८. शेवटी ८ × ५ × ३ ची वीट. तिची दोनच पृष्ठं त्या खाचेत बसतात, प्रत्येक दोन तऱ्हांनी. ४.

तिन्ही मापं वेगळी असली तर ४, दोन सारखी झाली तर ८, तिन्ही सारखी झाली तर २४. फळ्यावर हे तीन आकडे एकाखाली एक लिहिले आणि मला फार समाधान वाटलं. घन म्हणजे वेगळ्या जातीची वस्तू नाही, इष्टिकाचितींमधलीच सगळ्यात जास्त सारखेपणा असलेली एक, हे या तीन आकड्यांत कुठलाही जड शब्द न वापरता दिसतं.

तेवढ्यात मागून कुणीतरी ५ × ५ × १० ची चिती उभी करून घनाच्या खाचेत घातली. बरोबर बसली, वर मनोऱ्यासारखी उभी. शेजारचा ओरडला, "का बे, ही घनाच्या घरात कशी घुसली?" तळ सारखा, ५ × ५ चा चौरस, म्हणून घुसली. चितीची गंमत हीच आहे. तळ आणि माथा एकरूप आणि समांतर, मधे उंची कितीही. त्रिकोणी चितीला तळ म्हणून एकच जोडी आहे, दोन त्रिकोणांची. इष्टिकाचितीला मात्र समोरासमोरच्या तीन जोड्या आहेत आणि कुठलीही जोडी तळ-माथा म्हणून चालते. वीट कशीही ठेवा, ती चितीच दिसते. घनाला तर कुठलीही जोडी घेतली तरी फरकच कळत नाही. ही पायरी मी यापूर्वी कधी नीट शिकवली नव्हती, ती या ठोकळ्यांमुळे आपोआप शिकवून झाली.

आता संचातला एक दोष सांगते. शेजारी लेथवर काम करणारे काका राहतात. त्यांच्याकडून व्हर्निअर कॅलिपर (बारीक मापं घ्यायचं साधन) आणून मुलांनी सगळे ठोकळे मोजले, मापन शिकवायचं म्हणून. घन निघाला ५, ५ आणि ४.९ सेंमी. एक मिलिमीटर कमी. चारदा मोजला, तेच. खाचेतही एका बाजूने जरा हलतो, ते आधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

गिऱ्हाईक म्हणून बघितलं तर ८०० रुपये देऊन घेतलेला घन घन नाही, ही तक्रारच आहे, आणि मी ती दुकानात जाऊन सांगितली. बदलून देतो म्हणाले. मी बदलून घेतला नाही. कारण वर्गात त्या दिवशी जो प्रश्न निघाला तो कुठल्याही पुस्तिकेत मला मिळाला नसता. मी विचारलं, हा घन नाही तर मग काय आहे? तक्त्याच्या भाषेत तो घन नाही, कारण कडा समान नाहीत. आणि इष्टिकाचितीही नाही, कारण तिन्ही मापं वेगवेगळी नाहीत, दोन सारखी आहेत. मग तो कुठे जाणार? खरी व्याख्या घेतली तर उत्तर सोपं आहे. तो इष्टिकाचिती आहे. आधीही होता, कागदावर ५ × ५ × ५ असतानाही होता. एका मिलिमीटरने त्याचं घनपण गेलं, इष्टिकाचितीपण गेलं नाही. घनफळ १२५ चं १२२.५ झालं, पृष्ठफळ १५० चं १४८, आणि दोन्ही त्याच एका सूत्राने निघाले.

सूत्रांचंही असंच आहे. मुलांच्या वह्यांत चार सूत्रं चौकटीत लिहिलेली असतात. इष्टिकाचितीचं घनफळ, घनाचं घनफळ, इष्टिकाचितीचं पृष्ठफळ, घनाचं पृष्ठफळ. परीक्षेत घाई झाली की ही चार एकमेकांत मिसळतात. घनाचं पृष्ठफळ म्हणून बाजूचा घन (बाजू × बाजू × बाजू) लिहिणारी मुलं मी दरवर्षी पाहते. घन ही इष्टिकाचितीच आहे असं एकदा पटलं की दोन सूत्रं पुरतात. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची. आणि लांबी-रुंदी, रुंदी-उंची, लांबी-उंची या तीन गुणाकारांच्या बेरजेची दुप्पट. तिन्ही जागी ५ घाला, २५ अधिक २५ अधिक २५, दुप्पट १५०. सहा गुणिले बाजूचा वर्ग हे वेगळं पाठ करायची गरज उरत नाही. ते समोरच तयार होतं.

तक्त्यावरच्या घनाच्या व्याख्येलाही माझा आक्षेप आहे. "सर्व कडा समान" एवढ्याने घन होत नाही. हे कुणाला पटत नसेल तर घरी करून बघा. आगपेटीतल्या काड्यांचं गुल काढून टाका, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे छोटे तुकडे घ्या, प्रत्येक कोपऱ्यात तीन काड्या येतील अशी जोडणी करा. १२ काड्या, ८ सांधे. आमच्या मुलांनी केली. हातात धरलं तोवर सुंदर घन, टेबलावर ठेवल्याबरोबर एका बाजूला कलला. कडा १२ च्या १२ समान, एकही काडी लांब-आखूड झाली नाही. पण चौरसांचे समभुज चौकोन झाले, कोन काटकोन राहिले नाहीत. तक्त्याप्रमाणे हा कललेला सांगाडासुद्धा घनच म्हणावा लागेल. "सर्व कडा समान असलेली इष्टिकाचिती म्हणजे घन" असं लिहिलं असतं तर सगळे काटकोन इष्टिकाचितीबरोबर आपोआप आले असते. म्हणजे घन आणि इष्टिकाचिती तोडून टाकल्यामुळे तक्त्याच्या दोन्ही व्याख्या बिघडल्या, एक फार अरुंद झाली आणि दुसरी फार सैल.

पुस्तिकेत घनाची घडण (ठोकळा उलगडून सपाट केला की दिसणारा आकार) एकच दिलीय, नेहमीची क्रॉससारखी. घनाच्या वेगवेगळ्या घडणी ११ आहेत. मुलांना जुन्या वहीच्या पुठ्ठ्यातून शोधायला सांगितल्या तर चार दिवसांत नऊ मिळाल्या, उरलेल्या दोन मी दाखवल्या. एका पानात अकराही छापता आल्या असत्या.

संचात छोटे एक सेंटीमीटरचे ठोकळे नाहीत, ही मोठी उणीव आहे. शिष्यवृत्तीच्या तयारीत रंगवलेला ठोकळा कापण्याचे प्रश्न हमखास येतात आणि लहान ठोकळ्यांशिवाय ते नुसत्या कल्पनेवर सोडवावे लागतात. मी मोठा बटाटा घेऊन ३ × ४ × ५ सेंमीचा ठोकळा कापला, बाहेरून बीटाचा रस लावला, वाळू दिला आणि सुरीने ६० तुकडे केले. तीन बाजू रंगलेले ८, दोन बाजू रंगलेले २४, एक बाजू रंगलेले २२, आणि आत एकही बाजू न रंगलेले ६. बेरीज ६०. याच जागी ३ × ३ × ३ चा घन असता तर ८, १२, ६ आणि १, एकूण २७. घनाचे आकडे बघितले की ८ कोपरे, १२ कडा, ६ पृष्ठं जशीच्या तशी दिसतात. विटेत २४ आणि २२ होतात, पण कोपऱ्यांचे ८ काही हलत नाहीत. कोपरे दोघांनाही आठच. त्या तुकड्यांची संध्याकाळी भाजी केली, लालसर झाली होती.

एका मुलाचे वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला आहेत. एके दिवशी ते मुलाला न्यायला आले तेव्हा फळ्यावर लिहिलं होतं: तेवढंच घनफळ असलेल्या सगळ्या इष्टिकाचितींत घनाचं पृष्ठफळ सगळ्यात कमी. त्यांनी वाचलं आणि जरा थांबले. म्हणाले, "टीचर, पण आमच्याकडं असा चौकोनी खोका येतच नाही की. पुठ्ठा कमी लागत असता तर मालकांनी तसलाच काढला असता." मी म्हटलं, टॉवेलची घडी लांबट असते म्हणून असेल. ते म्हणाले, "तसंबी असंल." पण दुसऱ्या दिवशी ते स्वतः एक उलगडलेला खोका घेऊन आले आणि दारातच पसरून दाखवला. या खोक्याला वरखाली चार-चार फ्लॅप असतात, वरच्या दोन फ्लॅपच्या खाली आणखी दोन दुमडलेले. म्हणजे पुठ्ठा काही ठिकाणी दुहेरी जातो. मी नुसतं पृष्ठफळ मोजत होते, त्यांना दुहेरी पुठ्ठा दिसत होता.

त्या रात्री मी हिशोब केला. एक लिटरचा खोका धरला. १० × १० × १० चा केला तर चारी बाजूंचा घेर ४० सेंमी, उंची १० आणि वरखालचे फ्लॅप रुंदीच्या निम्मे, प्रत्येकी ५, म्हणजे उलगडलेल्या पुठ्ठ्याची उंची २०. पुठ्ठा ८०० चौरस सेंमी. तेवढंच मावणारा १२.६ लांब, ६.३ रुंद, १२.६ उंच खोका घेतला तर घेर ३७.८, उलगडलेल्या पुठ्ठ्याची उंची १८.९, पुठ्ठा सुमारे ७१४. नुसतं पृष्ठफळ बघितलं तर घनाचं ६०० आणि या खोक्याचं ६३५, घन जिंकतो. फ्लॅप धरले की घन हरतो. लांबी आणि उंची रुंदीच्या दुप्पट असलेला खोका पुठ्ठा सगळ्यात कमी घेतो. पॅकिंगला उभ्या राहणाऱ्या त्या गृहस्थांनी मला जे दाखवलं ते मी आता दरवर्षी शिकवणार आहे, त्यांनीच दाखवलं हे सांगून.

मग घ्यावा का हा संच? ठोकळ्यांसाठी आणि खाचांच्या फळीसाठी जरूर घ्या. ८०० रुपये जास्त वाटतात, पण एका शिकवणीत वीस-पंचवीस मुलांच्या हातून जाऊनही फक्त शंकू झिजलाय. घेताना दुकानातच स्केल लावून घन तिन्ही बाजूंनी मोजा. घरी एकट्या मुलासाठी घेणार असाल तर सोबत एक सेंटीमीटरचे किमान ६४ ठोकळे वेगळे घ्या, म्हणजे ४ × ४ × ४ चा घनही होईल आणि २ × ४ × ८ ची वीटही, आणि तेवढ्याच ठोकळ्यांना ९६ ऐवजी ११२ चौरस सेंमी कागद कसा लागतो ते मुलाला बघता येईल.

तक्ता भिंतीवर लावू नका. माझ्या वर्गात मी त्यावर पांढरा कागद चिकटवून नवीन लिहिलंय. सगळ्यात वर चिती. तिच्याखाली त्रिकोणी, पंचकोनी, षटकोनी आणि इष्टिकाचिती. इष्टिकाचितीखाली चौरस तळाची चिती, आणि चौरस तळाच्या चितीखाली घन. अक्षर माझंच आहे, चित्रं आठवीतल्या मुलीने काढली. पुस्तिकेच्या नवव्या पानावर "चूक" खोडून "बरोबर" लिहिलं आणि खाली तारीख टाकली. दुकानदारांनाही हे पान उघडून दाखवलं. त्यांनी नीट वाचलं, ज्यांच्याकडून माल येतो त्यांना सांगतो म्हणाले.

४.९ चं कारण काय असेल यावर वर्गात अजून वाद चालू आहे. काका म्हणाले, लाकूड तंतूंच्या दिशेने फारसं आटत नाही, आडवं आटतं, आणि आपल्याकडचा उन्हाळा कोरडा. कापताना चुकलं असेल असं दोन मुलांचं म्हणणं. घनाच्या एका पृष्ठावर पेन्सिलने तंतूंची दिशा आखली आहे आणि मार्चची मापं वहीत लिहून ठेवलीत. ऑगस्टमध्ये पाऊस लागला की काकांकडून कॅलिपर आणून परत मोजणार आहोत.